वॉर्डातली भीती कमी कुणी करायची?

मनोरुग्णालयातल्या शुश्रूषेबद्दल दोन आवाज ऐकू येतात. एक वॉर्डातून येतो, दुसरा नर्सिंग कॉलेजच्या वर्गातून. वॉर्ड म्हणतो, सिद्धान्तांनी रात्रपाळी निघत नाही. वर्ग म्हणतो, सिद्धान्त नसेल तर रात्रपाळी म्हणजे नुसती राखण. त्यात गेल्या काही वर्षांत ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ची भर पडली आहे. रुग्णाच्या आयुष्यात मोठा मानसिक आघात होऊन गेलेला असू शकतो, हे गृहीत धरून सेवेची घडी बसवायची, असा तिचा अर्थ. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं बरंच आहे, म्हणून त्यांना इथे समोरासमोर बसवलं आहे.

संवादातल्या दोघी कल्पित आहेत. थोरली एका सरकारी मनोरुग्णालयाच्या स्त्री-विभागात इनचार्ज सिस्टर आहे, निवृत्तीच्या जवळ आलेली. धाकटी मानसिक आरोग्य शुश्रूषेत एम.एस्सी. करून नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि विद्यार्थिनींना पोस्टिंगसाठी थोरलीच्या वॉर्डात घेऊन येते.

थोरली : तुझ्या एका मुलीनं आज सकाळी खिडकीजवळच्या बाईला विचारलं, ‘लहानपणी तुमच्यावर काही अत्याचार झाला होता का?’ बाई जी रडायला लागली ती थांबेचना. दुपारी जेवली नाही. तुझ्या मुलींची बस दोनला गेली. मग तिच्याजवळ कोण बसलं? माझी स्टाफ सिस्टर, औषधांची ट्रॉली अर्ध्यावर सोडून. याला तुम्ही ट्रॉमा-इन्फॉर्म्ड म्हणत असाल तर माझ्या वॉर्डात ते नको.

धाकटी : तिनं जे केलं ते मी शिकवते त्याच्या बरोबर उलट आहे, ताई. आघाताचं भान ठेवणं हे एक काम आणि आघातावर उपचार करणं हे दुसरं. प्रोलाँग्ड एक्स्पोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ईएमडीआर या उपचारांत जुन्या घटनेकडे ठरवून, टप्प्याटप्प्यानं जातात. त्याला प्रशिक्षण लागतं, ठरलेल्या बैठका लागतात, आणि बैठकीनंतर माणूस सावरला की नाही हे बघणारं कुणीतरी लागतं. चार दिवस पोस्टिंगला आलेल्या मुलीचं ते काम नाही. भान ठेवण्याचं काम मात्र वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं आहे. सिस्टरचं, डॉक्टरांचं, मावशींचं, दारावरच्या शिपायाचंसुद्धा.

थोरली : भान ठेवायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

धाकटी : अमेरिकेतल्या ‘साम्सा’ या सरकारी संस्थेनं २०१४ साली ते चार गोष्टींत मांडलं. आघात किती जणांच्या वाट्याला येतो आणि त्याचे परिणाम कुठवर पोचतात, हे समजून घ्यायचं. त्याच्या खुणा समोर दिसल्या तर ओळखायच्या. हे ज्ञान रोजच्या कामाच्या नियमांत उतरवायचं. आणि आपल्या वागण्यानं त्या माणसाला पुन्हा तोच घाव बसू द्यायचा नाही. ‘दिसेल तिला भूतकाळ विचारत सुटा’ असं यात कुठेच नाही. रक्त काढताना आपण ग्लोव्ह्ज घालतो ते काय एचआयव्हीचा रिपोर्ट बघून? सगळ्यांसाठी घालतो. हेही तसंच. कुणावर काय गुदरलंय हे माहीत नसताना प्रत्येकीशी जपून वागायचं.

थोरली : हे पटण्यासारखं आहे. पण मग यात नवं काय? चांगली सिस्टर हे जन्मभर करत आली. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नोकरीत नवी होते. तिकडे ड्यूटी लागली. हाडं मोडलेल्या बायका, पण रात्री छताखाली झोपायला तयार नाहीत. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार, हा शब्द आमच्यात कुणी उच्चारला नव्हता. आम्ही सरळ कॉट व्हरांड्यात काढल्या आणि रात्रभर दिवे चालू ठेवले. कुठल्या पुस्तकात वाचून नव्हतं केलं.

धाकटी : आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरांनी?

थोरली : त्यांनी कॉट परत आत घेतल्या. वॉर्डाबाहेर पेशंट ठेवायचा नाही, असा नियम होता.

धाकटी : सिद्धान्त लागतो तो इथे, ताई. तुमच्या हाताला जे कळतं ते तुमच्या ड्यूटीपुरतं वॉर्डात राहतं आणि तुमच्याबरोबर घरी जातं. उद्या तुमच्याबरोबर निवृत्तही होईल. एकीला कळलेलं दहाजणींना शिकवता यावं, एवढ्यासाठी ते कुणीतरी नीट मांडून ठेवावं लागतं. हिल्डेगार्ड पेपलाऊ या अमेरिकन नर्सनं १९५२ साली हेच केलं. नर्स आणि रुग्ण यांचं नातं हेच उपचाराचं साधन आहे, असं तिनं लिहिलं. आधी दोन अनोळखी माणसांची ओळख होते. मग रुग्ण नर्सवर भरवसा टाकू लागतो. तिच्या मदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो. आणि शेवटी तिच्यावाचून त्याचं चालायला लागतं. तिचं हस्तलिखित १९४८ मध्येच तयार होतं. पण सोबत डॉक्टरचं नाव नसताना एका नर्सनं पुस्तक काढावं हे त्या काळी पचण्यासारखं नव्हतं, म्हणून छापायला चार वर्षं गेली.

थोरली : १९५२ चा दाखला देतेस तर त्याच वर्षाचा दुसराही घे. पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात दले आणि दनिकेर या डॉक्टरांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन हे औषध द्यायला सुरुवात केली ती १९५२ सालीच. वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं त्यामुळे शांत झाली, बोलायला लागली, घरी गेली. औषध की नातं यातलं एकच निवडायची वेळ आली, तर मी आधी स्टोअरमध्ये औषध शिल्लक आहे का ते बघीन.

धाकटी : मीही तेच बघीन. उलट तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. पेपलाऊ अमेरिकेतल्या ज्या चेस्टनट लॉज मनोरुग्णालयात शिकली तिथल्याच फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मनोविश्लेषक डॉक्टरनं १९४८ साली स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारी कल्पना मांडली. त्यापायी किती आया उगाच अपराधी ठरल्या. १९७९ साली त्याच रुग्णालयात ऑशेरॉफ नावाचे एक डॉक्टर खोल नैराश्यानं आजारी होऊन दाखल झाले. सात महिने नुसते बोलण्याचे उपचार चालले, औषध दिलंच नाही. दुसऱ्या रुग्णालयात औषध सुरू झाल्यावर ते काही महिन्यांत सुधारले आणि त्यांनी चेस्टनट लॉजवर दावा लावला. तेव्हा बोलण्यानं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही, आणि प्रत्येक भास म्हणजे जुनी जखम असंही म्हणणार नाही. औषध शरीरात जाण्याआधीच्या पाच मिनिटांत काय घडतं, तेवढंच मी विचारते. ती पाच मिनिटं डॉक्टरांची नसतात. आपली असतात.

थोरली : बोलायला सोपं आहे. चेस्टनट लॉज खासगी, पेशंट मोजके. माझ्याकडे रात्री पन्नास-साठ बायकांमागे एक सिस्टर आणि दोन मावशी.

धाकटी : पेपलाऊ चेस्टनट लॉजपुरती राहिली नाही. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती, नुसती कोंबलेली. त्या काळात ती उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत गावोगावच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन नर्सेससाठी कार्यशाळा घ्यायची. अशा वॉर्डातही हाताशी धरता येईल असं तिनं काय दिलं? चिंतेच्या चार पातळ्या. सौम्य चिंतेत माणूस शिकतो, लक्ष देतो. मध्यम चिंतेत त्याचं लक्ष आकसतं. तीव्र चिंतेत त्याला एखादीच गोष्ट दिसते. आणि पॅनिकमध्ये बोललेलं आत पोचतच नाही. शिवाय ती म्हणते, चिंता एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सिस्टर धास्तावलेली असेल तर पेशंट आणखी धास्तावतो.

थोरली : ठीक आहे. मग माझ्या वॉर्डातली एक रात्र घे आणि करून दाखव. साडेअकरा वाजलेत. नवी ॲडमिशन. नवऱ्यानं आणि दिरानं दंड धरून रिक्षातून आणलेली. आत आल्या आल्या ती कॉटखाली घुसली, कुणी जवळ गेलं की चावायला येते. डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन लिहून दिलंय. आमची पद्धत अशी : दोन वॉर्डबॉय बोलवायचे, ओढून काढायची, चौघांनी धरायची, सलवार खाली, कमरेत सुई. तीन मिनिटांचं काम. आता तुझी पद्धत सांग.

धाकटी : आधी मी ट्यूबलाइट लावीन. वॉर्डबॉयना दाराबाहेर उभं करीन. गरज पडली तर येतील, पण कॉटभोवती पुरुषांचा घोळका नको. मी जमिनीवर बसेन, तिला माझा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, आणि तिच्या व दाराच्या मध्ये येणार नाही. ती पॅनिकमध्ये आहे, म्हणून वाक्यं तीन-चार शब्दांची. ‘मी सिस्टर आहे. हा दवाखाना आहे. इथं मारत नाहीत.’ मग गप्प बसेन. परत तेच, त्याच आवाजात. ती माझ्याकडे बघायला लागली की पुढचं. ‘झोपेचं औषध द्यायचंय. सुई एकदाच टोचेल.’ मावशी चादर आडवी धरतील आणि लागेल तेवढंच कापड सरकवायचं. ‘डाव्या बाजूला देऊ का उजव्या?’ टोचण्याआधी सांगायचं, झाल्यावर ‘झालं’ म्हणायचं.

थोरली : ती ‘घेणार नाही’ म्हणाली तर? तू तिला विचारलंस ना?

धाकटी : मी ‘घ्याल का’ असं विचारलंच नाही. औषध द्यावंच लागणार असेल तर तो प्रश्न म्हणजे फसवणूक. तिच्या ‘नाही’ला जिथे किंमत असेल तेवढंच विचारायचं. कुठल्या बाजूला देऊ, जवळ कोण थांबलेलं हवं, दिवा चालू ठेवू का. आणि एवढं करूनही धरावं लागलं तर धरायचं, पण चौघांत हुकूम एकीचाच, आरडाओरडा नाही, आणि सुई निघाली की हात लगेच सोडायचे. सकाळी ती शुद्धीवर आली की तिच्याकडे परत जायचं. काल असं का करावं लागलं ते सांगायचं, पुढच्या वेळी काय केलं तर तुम्हाला कमी भीती वाटेल ते विचारायचं आणि तिचं उत्तर फाइलमध्ये लिहायचं. लहानपणी काय झालं, हे मी त्या रात्री विचारत नाही. पण दोन पुरुषांनी दंड धरून आणलेल्या बाईला आणखी दोन पुरुष धरतात, तेव्हा तिच्या शरीराला काय आठवत असेल, याचा विचार करूनच वागते.

थोरली : याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तिकडे कुणी पडलं, कुणी गळ्याला ओढणी आवळली, तर जबाब मला द्यावा लागतो.

धाकटी : खरं आहे. पण तीन मिनिटांच्या पद्धतीचा पुढचा खर्चही मोजा. ती आठ दिवस गोळी थुंकते, आंघोळीला जवळ येऊ देत नाही, मावशीला ओरबाडते. दर वेळी पुन्हा चौघं लागतात. हा वेळ कुठल्याच रजिस्टरला चढत नाही.

थोरली : अगं, एका जागी मी तुझ्याही पुढे जाते. दाखल करताना आम्ही मंगळसूत्र, बांगड्या, पिना काढून घेतो. सुरक्षेसाठी ते करावंच लागतं. पण मी कुणाला ते ओरबाडू देत नाही. तिला सांगते, तुमच्या हातानं काढा. तिच्यासमोर यादी करते, पाकीट तिच्यासमोर बंद करते, त्यावर तिची सही नाहीतर अंगठा घेते, आणि पाकीट कुठल्या कपाटात जातं ते दाखवते. बाईच्या गळ्यातलं काढून घेणं म्हणजे काय, हे मला कुण्या पुस्तकानं सांगायला नको.

धाकटी : पारदर्शकता आणि भरवसा हे साम्साच्या सहा तत्त्वांपैकी एक. तुम्ही करता ते हेच. आता ते वॉर्डाच्या लेखी नियमांत घाला, म्हणजे तुम्ही रजेवर असतानाही होईल. आणि केसांचं काय, ताई? गेल्या खेपेला मी आले तेव्हा तिघींचे केस मानेपर्यंत कापलेले होते.

थोरली : उवा झाल्या होत्या. एकीला झाल्या की साऱ्या वॉर्डाला होतात. सगळ्यांना औषध लावून रोज बारीक फणीनं विंचरायला माझ्याकडे हात कुठले?

धाकटी : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० नुसार सक्तीनं मुंडण करता येत नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. मासिक पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत.

थोरली : मुंडण नव्हतं केलं. आखूड केले.

धाकटी : कायद्याच्या अक्षरात बसेलही. पण केस धरून घराबाहेर फरफटत काढलेली बाई कात्रीपुढे मान वाकवून बसते तेव्हा तिला उवांचं कारण दिसत नाही. नर्सिंगमधला डोरोथिया ओरेमचा ‘सेल्फ-केअर’चा, म्हणजे स्वतःची काळजी स्वतः घेण्याचा, सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. माणसाला जे स्वतःला जमतं ते त्याला करू द्यायचं, जमत नाही तेवढंच नर्सनं करायचं. जेवणानंतर दुपारी बायकांना व्हरांड्यात बसवून एकमेकींचे केस विंचरू दिले तर? फण्या, तेल, उवांचं औषध आणि देखरेखीला एक मावशी.

थोरली : पूर्वी आमच्याकडे हे व्हायचं. मावश्या कमी झाल्या आणि दुपारी दारं लावून घ्यायची सवय लागली. हे परत सुरू करता येईल. त्या वेळात बायका जेवढं बोलतात तेवढं डॉक्टरांच्या राउंडला कधी बोलत नाहीत.

धाकटी : आणि बांधण्याचं?

थोरली : हा विषय तू काढणार हे मला माहीत होतं. मला बांधायला आवडत नाही. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानात आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेली २८ माणसं गेली, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. साखळदंडाला कायद्यानं आता पूर्ण बंदी आहे, ती योग्यच आहे. पण रात्री दोन वाजता एकजण भिंतीवर डोकं आपटते आणि दुसरी शेजारणीचा गळा धरते. तेव्हा मी एकटी काय करू?

धाकटी : त्याच कायद्याचं कलम ९७ बांधायला सरसकट मनाई करत नाही. एकांतकोठडीला मात्र मनाई आहे. कुणाला तातडीची इजा होणार असेल आणि ती टाळायला दुसरा इलाज नसेल, तेव्हाच बांधायचं. त्याला मनोविकारतज्ज्ञाची परवानगी हवी, लागेल तेवढाच वेळ, सतत देखरेख, आणि फाइलमध्ये कारणासकट नोंद. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि एक वाक्य असं आहे की ते प्रत्येक नर्सला पाठ हवं : केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणानं बांधता येणार नाही.

थोरली : वाक्य लिहिणाऱ्यानं ते कर्मचारी कुठून येणार ते लिहिलं का? कायदा झाला, पण रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या. उद्या चौकशी लागली तर कागदावर सही माझी असते. तुझ्या सिद्धान्तांवर माझा खरा राग आहे तो इथे. सगळे सांगतात सिस्टरनं कसं बोलावं, कसं बसावं, किती शांत राहावं. वॉर्डात माणसं किती असावीत हे एकही सिद्धान्त सांगत नाही. सगळं ओझं सिस्टरच्या स्वभावावर.

धाकटी : यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. आम्ही वर्गात नातं शिकवतो, संख्या शिकवत नाही. पण परदेशातही बांधणं-कोंडणं कमी झालं ते नुसत्या गोड बोलण्यानं झालेलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९९० ते २००० या काळात रुग्णांना कोंडणं दर हजार रुग्ण-दिवसांमागे ४.२ वरून ०.३ वर आलं. तिथे वरिष्ठांनी ते धोरण म्हणून हाती घेतलं, प्रत्येक प्रसंगाची नोंद झाली, ती सगळ्यांसमोर आली, आणि का घडलं याची चर्चा झाली. इंग्लंडमध्ये लेन बावर्स यांच्या ‘सेफवॉर्ड्स’ या पद्धतीची चाचणी ३१ वॉर्डांत झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. वॉर्डातले भांडणं-मारामाऱ्यांसारखे संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि धरून ठेवणं, कोंडणं, जबरदस्तीचं औषध असे प्रकार २६ टक्क्यांनी कमी झाले.

थोरली : तिथले वॉर्ड लहान. हाताखाली माणसं.

धाकटी : म्हणून ते जसंच्या तसं उचलायचं नाही. पण त्यातल्या काही गोष्टींना माणसं वाढवावी लागत नाहीत. वाईट बातमी कशी सांगायची, हे आधी ठरवणं ही त्यातलीच एक. आपल्याकडची सगळ्यांत वाईट बातमी कुठली? ‘डिस्चार्ज लिहिलाय, पण घरचे न्यायला येत नाहीत.’ ती आपण औषधं वाटता वाटता सांगतो आणि अर्ध्या तासानं वॉर्डात ताटं फेकली जातात. तीच बाजूला बसवून, ओळखीच्या सिस्टरनं, दिवसाउजेडी सांगितली, पुढचा तासभर कुणी नजर ठेवली, तर फरक पडेल.

थोरली : पडतो. मी बघितलंय. पण माझा मुद्दा तुझ्या हातून निसटतोय. आमचं काय? माझ्या एका सिस्टरच्या पोटात लाथ बसली. ती तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती. सोनोग्राफी केली, बाळ ठीक होतं, दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर हजर. तिला कुणी विचारलं नाही, ‘तू झोपलीस का?’ त्यानंतर ती पेशंटच्या जवळ जाईना. दारातूनच ओरडायची. डॉक्टर म्हणाले, सिस्टर उर्मट आहे.

धाकटी : ती उर्मट नव्हती, घाबरलेली होती. आणि तिची भीती साऱ्या वॉर्डात पसरत होती.

थोरली : मग तिच्यासाठी तुझ्या पुस्तकात काय आहे?

धाकटी : पुस्तकात आहे, पण आपण तेवढं वगळलं. पेपलाऊच्या कामात सुपरव्हिजनला मोठी जागा होती. नर्सनं पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः लिहायचं आणि अनुभवी नर्ससमोर बसून तपासायचं. मी इथे का चिडले, का घाबरले, विषय का बदलला. आपल्या विद्यार्थिनी ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहितात ते तिथूनच आलं.

थोरली : त्या वह्या मी बघते ना. मोठ्या बहिणींच्या वहीतून उतरवलेल्या असतात. ‘पेशंटनं स्मितहास्य केलं.’ या वॉर्डात कोण एवढं स्मितहास्य करतं?

धाकटी : कारण आम्ही त्याला मार्क देतो. त्यावर बोलत नाही. आणि नोकरी लागली की ती वही कायमची बंद होते. खरं तर तिची गरज तेव्हाच सुरू होते. पाळी बदलताना हँडओव्हरच्या आधी दहा मिनिटं, कुणावर हल्ला झाला असेल तर तेव्हाच, एवढी जागा मिळाली तरी पुष्कळ. मात्र घडलेलं सगळं लगेच बळजबरीनं बोलायला लावायचं नाही. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं ओकायला लावण्याचा फायदा होत नाही, हे संशोधनात दिसलंय. चहा, बदली सिस्टर, घरी सोडायला कुणीतरी, आणि आठवड्यानं पुन्हा चौकशी. सुरुवात एवढीच.

थोरली : हे झालं तर मी तुझा सिद्धान्त भिंतीवर लावीन.

धाकटी : भिंतीवर नको, रजिस्टरमध्ये लावा. तुमच्या रागाचा उपयोग तिथेच आहे. बांधल्याच्या प्रत्येक नोंदीसमोर त्या पाळीत किती पेशंट, किती सिस्टर, किती मावशी होत्या ते लिहा. कायदा म्हणतो, कर्मचारी कमी म्हणून बांधता येत नाही. मग वर्षभराच्या नोंदी दाखवतील की कायदा कुठे मोडतोय आणि कुणामुळे. स्वभावावर ढकललेलं ओझं त्या कागदानं जिथल्या तिथे परत जाईल.

थोरली : त्या कागदानं मलाच मेमो मिळेल.

धाकटी : मिळू शकतो. म्हणून एकीनं लिहायचं नाही. सगळ्या वॉर्डांच्या इनचार्जनी मिळून एकच नमुना वापरायचा.

थोरली : मेट्रनबाईंशी बोलावं लागेल. बोलते. आता शेवटचं. दाखल होताना आघाताबद्दल विचारायचं की नाही? माझं मत सांगते. पहिल्या दिवशी मुळीच नाही. पाच बायका ऐकत असताना, भिंतीआडून नवरा डोकावत असताना कोण खरं सांगेल? आणि सांगितलं तर पुढे काय? आमच्याकडे मानसशास्त्रज्ञ किती आहेत?

धाकटी : माझं मत थोडं वेगळं आहे. कधीच विचारलं नाही तर तिला वाटतं, हे बोलायचं नसतंच. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले : आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. वॉर्डात आपल्या हातात पहिला टप्पा येतो. ती झोपायला-जेवायला लागली, एक सिस्टर ओळखीची झाली, की एकांतात एकदाच विचारावं, ‘दवाखान्यात आम्ही काय जपावं, असं काही घडलंय का तुमच्या बाबतीत? सांगायलाच पाहिजे असं नाही.’ आणि तिनं सांगितलं तर तपशील उकरायचे नाहीत. ऐकायचं, तिच्या शब्दांत लिहायचं, तिला विचारून डॉक्टरांना सांगायचं.

थोरली : तिच्या शब्दांत कशाला?

धाकटी : मानसिक आरोग्य शुश्रूषेतल्या फिल बार्करच्या ‘टायडल मॉडेल’चा हाच आग्रह आहे. आज फाइलमध्ये असतं, ‘पेशंट असहकार्य करते.’ पुढची सिस्टर त्या एका ओळीवरून वॉर्डबॉय बोलावते. त्याऐवजी लिहा, ‘मागून हात लावू नका म्हणते. समोरून बोलल्यास ऐकते.’ एवढ्यानं पुढच्या पाळीची पद्धत बदलते.

थोरली : लिहिण्याचं मान्य. विचारण्याचं अजून नाही. विचारलेलं पेलणारं माणूस वॉर्डात आलं की विचारू.

धाकटी : आणि मी म्हणते, ते माणूस यावं म्हणून तरी आपण मागणी लावून धरू.

दोघींचं इथे एकमत झालेलं नाही आणि घाईनं व्हायचंही कारण नाही. पण या वादातून मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. आघाताचं भान हा प्रेमळ सिस्टरचा खासगी गुण समजून चालणार नाही. दाखल करताना दागिने कसे उतरवून घ्यायचे, सुई देताना खोलीत कोण असेल, केसांना हात कुणी लावायचा, वाईट बातमी कुठे बसून सांगायची, मार खाल्लेल्या सिस्टरला घरी कोण सोडणार, हे सगळं वॉर्डाच्या लेखी नियमांत यायला हवं. पाळी बदलली तरी टिकेल एवढं पक्कं. सिद्धान्तांचं काम तिथे सुरू होतं : एका चांगल्या नर्सला कळलेलं सगळ्यांना शिकवता यावं आणि सगळ्यांकडून मागता यावं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पन्नास-साठ रुग्णांमागे एक सिस्टर ठेवून तिच्याकडून संयमाची अपेक्षा करणं हा तिच्यावरचा अन्याय आहे आणि रुग्णांवरचाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचं अंदाजपत्रक ठरवणाऱ्यांनी नर्सेसची संख्या हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, जसा औषधांचा साठा मानला जातो. आणि नर्सिंग कॉलेजांनी प्रोसेस रेकॉर्डिंगला मार्क देऊन थांबू नये. प्रत्येक पोस्टिंगनंतर विद्यार्थिनी आणि वॉर्डातल्या सिस्टर यांना एका टेबलाशी बसवून त्या वहीवर बोलावं. ही सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही, नवा निधीही लागत नाही. ती येत्या पोस्टिंगपासून करता येईल.